मंडळीत दानाबद्दल बोलायचं कसं? (पाळक, पंच आणि मागच्या बाकावरच्यांसाठी)

हिशेबनीस:
सर्वांना सलाम.

आमच्या चर्चच्या उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानायच्या) सणाआधीचे तीन रविवार दानार्पणावर संदेश ठेवायचे, असं आमच्या पाळक समितीत ठरलंय. खजिनदार मी. पाळकसाहेब म्हणाले, "वचनं मी बघतो, मुद्दे तुम्ही काढा." म्हणून हा धागा.

आमची मंडळी (म्हणजे चर्च आणि त्याचे सभासद) नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची, जुनी. मिशनच्या काळातलं दगडी मंदिर, वर कौलं. सव्वाशेच्या आसपास कुटुंबं. पेन्शनीतले मास्तर, नर्सबाया, कारखान्यात कामाला असलेले काही जण. बाकी निम्मी घरं रोजंदारीची नाहीतर कोरडवाहू शेतीची. तरुण पोरं पुण्याला, चाकणला. ती नाताळला उगवतात, एरवी फोनवरून पैसे पाठवतात, तेही कुणी आठवण केली तर.

पैसे येतात ते असे: रविवारची झोळी, महिन्याची सभासद वर्गणी, वाढदिवस-लग्नाचा वाढदिवस यांची उपकारस्तुती, सणात लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव, आणि ज्यांना पटतं त्यांचा दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग. जातात ते पाळकांच्या मानधनाला, डायोसिसच्या (बिशपांच्या धर्मप्रांताच्या) वाट्याला, वीजबिलाला आणि वाडीवरच्या शाखेला. उरलं तर कौलांना. कौलांपर्यंत अजून काही पोचलेलं नाही.

पण मला जास्त घोर आहे तो बोलण्याचा. व्यासपीठावरून पैशाचं नाव निघालं की अर्धे लोक मनात म्हणतात, "आला विषय." उरलेले म्हणतात, "देवळात आत्मिक बोला, पैशाचं समितीत बघा." आमच्यातले एक वडील तर सरळ विचारतात, "मिशनच्या वेळेला सायबाकडनं यायचं, तेव्हा कुणी आम्हाला मागितलं होतं का?"

तर तुमच्याकडे काय करतात? दशमांश सांगावा की जे मनात येईल ते द्या म्हणावं? कुणी किती दिलं ते वाचून दाखवावं का? आणि मानधनाचा विषय पाळकांनी स्वतः काढावा की दुसऱ्या कुणी?

मागचाबाक:
तीन रविवार कशाला? एका रविवारी हिशेब वाचा. बाकीचे दोन वाचतील.

पाळकीणबाई:
@हिशेबनीस, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आधी बोलते, कारण तो माझ्या स्वयंपाकघरातला आहे.

मानधनाचं पाळकांनी बोलू नये. बोलले तर भीक मागितल्यासारखं होतं आणि न बोलले तर कुणालाच कळत नाही. आमचं आयुष्य मराठवाड्यात गेलं. लोक प्रेमळ; बाजरी, शेंगा, कोंबडी दारात आणून ठेवायचे. पण मुलांची फी बाजरीत भरता येत नाही. डायोसिसकडून पैसे उशिरा आले की दुकानात उधारी. त्याच आठवड्यात "उद्याची चिंता करू नका" यावर संदेश द्यायचा असला, की आमच्या घरात दोघंही एकमेकांकडे न बघता जेवायचो.

शास्त्रात याला आधार आहे. "मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नकोस" हे बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन प्रेषित पौलाने दोनदा घेतलंय, करिंथकरांना लिहिताना आणि तीमथ्याला लिहिताना. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला नववा अध्याय वाचा. सुवार्तिकाला मंडळीकडून पोट भरण्याचा हक्क आहे, हे पौल किती परींनी सांगतो. आणि लगेच म्हणतो, मी मात्र हा हक्क वापरला नाही. करिंथात तो तंबू शिवून पोट भरायचा. म्हणजे हक्काची बाजू जोरात मांडली ती ज्याला त्यातून काही घ्यायचं नव्हतं त्याने. आमच्या एका मंडळीत पंचांपैकी एक निवृत्त मुख्याध्यापिका दर वर्षी उभ्या राहून सांगायच्या: पाळकांना इतकं मिळतं, शाळेच्या शिपायाला इतकं मिळतं, आता तुम्ही ठरवा. दोन वाक्यं. त्या बसल्या की कुणी कुजबुजायचं नाही.

अजून एक. माझे यजमान कुणी किती दिलं ती वही कधी बघायचे नाहीत. म्हणायचे, बघितली तर आजाऱ्याच्या घरी जाताना पाय आपोआप मोठ्या घराकडे वळतील.

तळ्याकाठी:
पाळकीणबाई, तुमच्या यजमानांना सलाम सांगा.

मी दुसऱ्या टोकाचं लिहितो. कॉलेजात असताना पुण्यातल्या एका मोठ्या फेलोशिपमध्ये जायचो. नाव लिहीत नाही. गाणीबजावणी उत्तम, पण दर रविवारी अर्ध्या तासाचं वेगळं भाषण फक्त अर्पणावर. "बी पेरा, शंभरपट घ्या." कर्ज असेल तर आधी पेरा, आजार असेल तर आधी पेरा. माझ्या आईने भावाच्या नोकरीसाठी पोत गहाण टाकून पेरलं. नोकरी लागली नाही. तेव्हा उत्तर मिळालं की विश्वास कमी पडला. नंतर आईने आमच्या जुन्या मंडळीतही दोन वर्षं पाऊल टाकलं नाही.

तिथे वचन कायम एकच असायचं, जुन्या करारातलं मलाखी ३:१०. दशमांश भांडारात आणा आणि बघा मी आकाशकपाटे उघडतो की नाही. त्याच अध्यायात पाच ओळी वर जा. पाचव्या वचनात देव कुणाविरुद्ध साक्ष द्यायला येतोय? मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि पोरक्यांवर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क बुडवणाऱ्यांविरुद्ध. दहावं वचन वाचणाऱ्या प्रत्येकाने आधी पाचवं मोठ्याने वाचावं, असा नियम करा. मंडळीतल्या ज्या कंत्राटदाराने मजुरांचे पैसे दाबलेत त्याचा दशमांश घ्यायचा का, हा प्रश्न मग आपोआप येतो. तो कुठेच विचारला जात नाही, कारण लिलावात सगळ्यात मोठी बोली त्याचीच असते.

मागचाबाक:
शेवटच्या वाक्याला +१. आमचाही कंत्राटदार आहे. भोपळा दर वर्षी त्याच्याच घरी जातो.

निवृत्त_मास्तर:
तळ्याकाठी, मलाखीचा असा दुरुपयोग झाला म्हणून दशमांशच टाकून देऊ नका. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि पहिल्या पगारापासून दहावा भाग बाजूला काढत आलो. शंभरपट काही मिळालं नाही. पण बाजूला काढल्यामुळे महिन्याच्या शेवटी "काय उरलंय ते देवाला" असं कधी झालं नाही, एवढाच त्याचा फायदा आणि तो पुरेसा आहे.

अनुवाद १४ कुणी वाचत नाही, ही मात्र खंत आहे. तिथे दशमांश घरच्यांनी देवासमोर बसून खायचाय! धान्य, द्राक्षारस, तेल, कळपातले पहिले वत्स. आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावात साठवायचा, लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरी, पोरका, विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. म्हणजे दशमांश हा पाळकाच्या पगाराचा फंड एवढाच कधी नव्हता. त्यात जेवणावळ होती आणि गावातल्या भुकेल्यांचा वाटा होता. हे सांगितलंत तर लोक कान टवकारतील.

आता "सायबाकडनं यायचं" या वडिलांच्या प्रश्नाबद्दल. तो खोटा नाही, अर्धवट आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला आले. मिशनच्या बोस्टनच्या मुख्य कचेरीचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात आले होते, नगरलाही. त्यांचा धोशा हाच होता की इथल्या मंडळ्या इथल्याच पाळकांनी चालवाव्यात आणि त्यांचा खर्च इथल्याच लोकांनी उचलावा. स्वावलंबी, स्वशासित, स्वप्रसारक, ही तीन सूत्रं त्यांची आणि इंग्लंडच्या हेन्री व्हेन यांची. म्हणजे सायबाचं म्हणणं तेव्हापासूनच होतं, "आमचं बंद होणार आहे, तुमचं सुरू करा." आपण दीडशे वर्षं पहिला भाग ऐकलाच नाही.

आणि कवी ना. वा. टिळकांना विसरू नका. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा स्वतंत्र भक्तसंघ काढला. मिशनच्या पैशावर उभी राहिलेली मंडळी परकीच दिसणार, हे त्यांना उमगलं होतं. पाळकसाहेबांना एका संदेशात टिळक घ्यायला सांगा. नगरच्या लोकांना पौलापेक्षा टिळक जवळचे वाटतात (हे बिशपसाहेबांना सांगू नका).

हिशेबनीस:
मास्तर, अँडरसनचं त्या वडिलांना उद्याच सांगतो. भांडण होईल, पण चांगलं भांडण होईल.

आगाशी_लोकल:
आम्ही कॅथलिक, वसईचे. आमच्याकडे दशमांशाची सक्ती नाही. चर्चच्या गरजा आपापल्या ऐपतीप्रमाणे भागवाव्यात, एवढंच बंधन. त्यामुळे "किती?" हा प्रश्न आमच्याकडे वेदीवरून येतच नाही. भांडणं होतात ती "कुठे गेले?" यावर.

मात्र त्याबाबतीत आमच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, चांगल्या तरतुदी आहेत आणि त्या बऱ्याच पॅरिशवासीयांनाच (त्या त्या चर्चच्या लोकांनाच) ठाऊक नसतात. कंसात कलमांचे आकडे देतो. प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती असलीच पाहिजे (५३७). लोकांनी जे दिलं त्याचा हिशेब लोकांना द्यायचा (१२८७). एखाद्या कामासाठी म्हणून दिलेली देणगी त्याच कामाला वापरायची (१२६७). गरिबी आहे म्हणून कुणाला संस्कारांपासून वंचित ठेवायचं नाही (८४८). मिस्साच्या (उपासनाविधीच्या) हेतूसाठी, म्हणजे ती कुणासाठी वा कशासाठी अर्पण करायची त्यासाठी, पैसे दिले जातात, पण गरजूंसाठी पैसे न घेताही मिस्सा अर्पण करावी असं धर्मगुरूंना सांगितलेलं आहे (९४५). आमच्या शेजारच्या पॅरिशमध्ये एका फादरांनी या पाच गोष्टी मराठीत लिहून दारावरच्या फळ्यावर लावल्या. पैशावर प्रवचन काही दिलं नाही. त्या फळ्यासमोर मिस्सा सुटल्यावर जी चर्चा व्हायची तीच पुरेशी होती.

दुसरं म्हणजे, चर्चमध्ये पैशाचं बोलू नये हे वसईत कुणी म्हणणार नाही. इथली बॅसीन कॅथलिक बँक १९१८ साली मॉन्सिनियर मोनिस या धर्मगुरूंनी सुरू केली, लोक सावकाराच्या तावडीतून सुटावेत म्हणून. ज्या धर्मगुरूला तुमच्या कर्जाची काळजी आहे त्याने दान मागितलं तर ऐकायला वेगळं वाटतं. तुमच्या तीन संदेशांत एक कर्जावर ठेवा. सणासाठी, लग्नासाठी काढलेलं कर्ज. ज्याच्या घरी हप्तेवाले येतायत त्याला उदारतेवर संदेश देऊन काय मिळणार?

तळ्याकाठी:
हे फार महत्त्वाचं आहे. मायक्रोफायनान्सचे गट आमच्या वाडीत तीन-तीन आहेत आणि एकाच बाईच्या नावावर तिन्हीकडे कर्ज. रविवारी तिच्यासमोर झोळी येते.

गावकरी_वाचक:
मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. एक प्रश्न. आमच्याकडे गणेश मंडळाची वर्गणी, सप्त्याची पंगत, देवळाचा जीर्णोद्धार, सगळ्याची नावं रकमेसकट फळ्यावर लागतात, काहींची तर फरशीवर कोरतात. त्यामुळे वर्गणी वाढतेच. तुम्हाला त्यात अडचण का वाटते?

मागचाबाक:
कारण येशूने म्हटलंय, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये. मत्तय ६:३. आता आमचे सेक्रेटरी दर रविवारी दोन्ही हातांनी यादी धरून वाचतात, ते सोडा.

निवृत्त_मास्तर:
मागचाबाक, थट्टा पुरे. यादी वाचण्यामागे एक चांगलं कारणही आहे. पैसे दिले आणि ते पोचले, हे देणाऱ्याला सगळ्यांसमोर कळतं. पावती न देणारे खजिनदार मी पाहिलेत. (आपले हिशेबनीस त्यातले नव्हेत.) आणि येशू स्वतः भांडारासमोर बसून कोण किती टाकतं ते बघत होता, मार्क १२:४१. तेव्हा बघणं हेच पाप नाही.

पाळकीणबाई:
मास्तर, बघत होता हे खरं. पण त्याने उठून मोठ्या आकड्यांची नावं पुकारली नाहीत. दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकणारी विधवा दाखवली, तीही फक्त शिष्यांना जवळ बोलावून.

आणि त्या गोष्टीच्या वरची ओळ? "विधवांची घरे खाऊन टाकणारे" शास्त्री. लगेच पुढच्या अध्यायात मंदिराचा चिरा चिऱ्यावर राहणार नाही, असं तो सांगतो. मला कित्येक वर्षं वाटतंय की त्या बाईचं कौतुक करून आपण थांबतो आणि तिच्याकडे दोनच टोल्या का उरल्या, हे विचारायचं राहून जातं. दानावर बोलणाऱ्या पाळकांनी या उताऱ्यावर बोलावं. पण गरिबांनो, तिच्यासारखं सगळं टाका, असं म्हणण्यासाठी नको.

@गावकरी_वाचक, तुमचा प्रश्न चांगला आहे. गावात वर्गणी मागायला माणूस दारात येतो, दिलं नाही तर उद्या रस्त्यात भेटतो, तेवढंच. मंडळीत ज्याचं नाव यादीत येत नाही तो पुढच्या रविवारी यायचाच बंद होतो. आणि तो आला नाही याचं कारण कुणी विचारायला जात नाही, कारण सगळ्यांना वाटतं तो थंडावलाय.

हिशेबनीस:
हे आमच्याकडे झालंय. कुटुंबं मोजून दाखवता येतील. शिवाय वर्गणी थकली की वार्षिक सभेत मत नाही, असा नियम आहे. तो बऱ्याच मंडळ्यांत असेल. त्यामुळे ज्यांची बाजू मांडायची असते तेच सभेत नसतात.

आयझॉल_ते_अकोला:
माहेर अकोल्याचं, नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं मिझोराममध्ये राहिले. तिथलं सांगते, कारण ते पैशाचं नाहीच.

तिथे 'बुहफाई थाम' म्हणून पद्धत आहे, मिझो बायकांनी १९१० साली सुरू केलेली. सकाळ-संध्याकाळ भात रांधायला तांदूळ मोजले की त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात. महिला मंडळाच्या बाया येऊन डबे गोळा करतात, ते तांदूळ विकतात, पैसा मंडळीकडे जातो. यातून मिझो मंडळ्या सुवार्तिकांचे खर्च करतात. पैसे नसलेल्या घरातही तांदूळ असतात, म्हणून कुणीच यादीबाहेर राहत नाही. आणि मूठ सगळ्यांची सारखीच. श्रीमंताची मूठ काय मोठी असते?

तिथे या विषयावर बोलतानाही मी बायकांनाच ऐकलं, चुलीपाशी, स्वयंपाकघरात. आपल्याकडे दानावर बोलणारे सगळे पुरुष असतात. घरातला पैसा जपून वापरणारी बाई मात्र ऐकणाऱ्यांत बसलेली.

गावकरी_वाचक:
अहो, हे तर आपल्याकडेही होतं! कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बाया जात्यावर बसताना मूठभर धान्य वेगळं काढायच्या. मुष्टिफंड. आमची आजी सांगायची. तुमच्या मंडळ्यांतही असेल कधीतरी, जुन्या लोकांना विचारा.

निवृत्त_मास्तर:
होतं. माझी आई मडक्यात बाजरी टाकायची. त्याला काही नाव नव्हतं.

लेस्टरवाली:
इथे इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चमध्ये बहुतेकांचे पैसे दर महिन्याला बँकेतूनच जातात. झोळी येते तेव्हा निम्मे लोक नुसती पुढे सरकवतात आणि कुणी वाकडं बघत नाही, कारण कुणाचं बँकेतून गेलंय हे कुणाला ठाऊक नसतं. आपसूक सोय झाली. शिवाय करदात्याने फॉर्म भरून दिला की सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स वर घालतं, ते वेगळंच.

एक चांगली सवय पाहिली. वर्षातून एकदा दानावर बोलतात तेव्हा छत, बॉयलर, रंगकाम यातलं कशाचंही आवाहन त्या महिन्यात ठेवत नाहीत. गरज समोर ठेवून शिकवलं की लोकांना शिकवण आठवत नाही, गरज आठवते. चर्च अर्धं रिकामं असतं, तो भाग निराळा.

एक विचारायचं होतं. माझा भाऊ आता ब्रिटिश नागरिक आहे, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे. त्याला गावच्या मंदिराच्या कौलांसाठी पैसे पाठवायचेत. थेट पाळकांच्या खात्यावर पाठवले तर चालतील ना?

सीए_पिंपरी:
@लेस्टरवाली, नाही! थांबवा त्यांना.

परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस, मग तो ओसीआय का असेना, एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) दृष्टीने परदेशी स्रोत आहे. त्याची देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. पाळकांच्या वैयक्तिक खात्यात आली तर पाळक अडकतील. भावाऐवजी तुम्ही स्वतः अजून भारतीय नागरिक असाल तर तुमच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरत नाहीत.

बाकीच्यांसाठी, कारण या गोष्टी व्यासपीठावरून चुकीच्या सांगितल्या जातात. क्यूआर कोड विश्वस्त संस्थेच्या किंवा मंडळीच्या नावच्या खात्याचाच हवा. पाळकांच्या मुलाच्या फोनवरचा कोड भिंतीवर चिकटवलेला मी पाहिलाय, आणि मुलगा प्रामाणिक होता तरीही त्यावरून मंडळी फुटली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेने दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचे असतात. तेव्हा लेखापरीक्षकाचा अहवाल "गोपनीय" असतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुमची मंडळी स्वतः नोंदलेली आहे की डायोसिसच्या विश्वस्त संस्थेखाली येते, हे आधी विचारा. आणि "करात सूट मिळेल" हे वाक्य प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय उच्चारू नका. एका विशिष्ट धर्मसमाजासाठीच असलेल्या संस्थेला देणगीदाराच्या करसवलतीची मान्यता (८०जी म्हणून ओळखली जाते ती) सहसा मिळत नाही. जिथे मिळते तिथेही दोन हजारांवरच्या रोख रकमेला सूट नाही. झोळीतल्या निनावी पैशाची मात्र काळजी नको; पूर्णपणे धार्मिक संस्थेला निनावी देणगीवरचा तो खास कर लागत नाही.

लेस्टरवाली:
बापरे. भावाला फोन लावते.

मागचाबाक:
लिलावाचं राहिलं. सणाच्या दिवशी लोक घरची केळी, कोंबडा, भोपळा, करंज्या आणून वेदीपुढे ठेवतात, उपासनेनंतर बोली लागते. मजा येते, हे कबूल. पण बोली दोन हजारांवर गेली की ज्या बाईने भोपळा आणला तिला स्वतःचा भोपळा परवडत नाही.

आमच्या मामाच्या मंडळीत एक वेगळं करतात. बोली माणसाने लावायची नाही, वाडीने लावायची. वरची आळी, खालची आळी, स्टेशनची वाडी. पैसे आळीत गोळा होतात, कुणी दहा दिले, कुणी पाचशे, बोलीत फक्त आळी बोलते. भोपळा जिंकला की त्याची भाजी त्याच आळीत. कंत्राटदार तिथेही आहे, पण तो आळीच्या नावाने ओरडतो.

पाळकीणबाई:
हे तर मास्तरांच्या अनुवाद १४ च्या जेवणाच्या जवळ गेलं!

हिशेबनीस:
सगळ्यांचे आभार. काल पाळकसाहेबांबरोबर बसलो. जे ठरतंय ते लिहितो, टीका करा.

पहिल्या रविवारी बायबलातलं 'दुसरे राजे' हे पुस्तक, बारावा अध्याय. हा उतारा मला पूर्वी माहीतच नव्हता. योवाश राजा याजकांना सांगतो, लोकांच्या पैशातून मंदिराची डागडुजी करा. त्याच्या राज्याचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी डागडुजी नाही. मग यहोयादा याजक एक पेटी घेऊन तिच्या झाकणाला भोक पाडतो आणि वेदीशेजारी ठेवतो. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजतात आणि पैसा थेट सुतार-गवंड्यांच्या हातात. आमची कौलं तिथेच आली. संदेशानंतर त्याच दिवशी मी तीन वर्षांचा जमाखर्च वाचणार, मानधनाच्या आकड्यासकट. प्रश्न विचारायला वेळ ठेवणार. रविवारची मोजणीही यापुढे दोघांनी, त्यातला एक समितीबाहेरचा.

दुसऱ्या रविवारी आगाशी_लोकल यांचा कर्जाचा विषय. बोलणार आमच्यातल्याच एक नर्सबाई, ज्या बचत गट चालवतात. पाळकसाहेब फक्त प्रार्थना करतील.

तिसऱ्या रविवारी करिंथकरांस दुसरे पत्र, आठ आणि नऊ. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौल वर्गणी गोळा करतोय आणि पैसे न्यायला एकटा जात नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस देतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. दशमांशाबद्दल पाळकसाहेबांचं मत असं की ज्याला जमतं त्याला शिस्त म्हणून सांगावा, अट म्हणून नाही. "संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो" हे वचन त्या दिवशीचं. आणि त्या रविवारी झोळी फिरवायचीच नाही, असा माझा प्रस्ताव आहे, म्हणजे शिकवण आणि मागणी वेगळी राहील. कौलांचं आवाहन सणानंतर, स्वतंत्र खातं, स्वतंत्र वही.

आयझॉल_ते_अकोला:
नर्सबाई बोलणार, हे वाचून बरं वाटलं. मुठीचं मडकं त्यांनाच सुचवा.

पाळकीणबाई:
बाकी सगळं पटलं, झोळीचं नाही. पदराच्या गाठीला दहा रुपये बांधून चालत येणाऱ्या म्हाताऱ्या तुमच्याकडेही असतील. त्या दिवशी झोळी आली नाही तर त्यांना वाटेल आपलं घेतलं नाही. त्याच आठव्या अध्यायात मासेदोनियाच्या मंडळ्या बघा: स्वतः कंगाल, आणि आम्हालाही देऊ द्या म्हणून पौलाची मनधरणी करतायत. गरिबाला लाजवू नका, पण त्याला वगळूही नका.

तळ्याकाठी:
दाराशी पेटी ठेवा. ज्याला टाकायचं तो टाकेल, कुणाच्या समोरून काही जाणार नाही.

हिशेबनीस:
पेटी चालेल. झाकणाला भोक पाडलेली, यहोयादाच्या नमुन्याची, सुताराकडे सांगतो.

नावांच्या यादीचं मात्र अजून ठरत नाहीये. समितीत चार जण वाचा म्हणतात, तीन नको म्हणतात. मी नकोतला. सेक्रेटरी म्हणतात, उपकारस्तुतीचं कारण वाचलंच पाहिजे, नातू झाला, ऑपरेशन नीट झालं, मंडळीने त्यासाठी प्रार्थना केलेली असते. यात तथ्य आहे. कारण वाचावं, रक्कम वाचू नये, पावती घरी द्यावी, अशी मधली सूचना गुरुवारच्या बैठकीत मांडतोय. कुणाच्या मंडळीत हे करून पाहिलं असेल तर त्याआधी लिहा.

आगाशी_लोकल:
आमच्याकडे मिस्साच्या हेतूंचं असंच आहे. हेतू वाचतात, रक्कम कधीच नाही. कुणाला त्यात काही कमी पडलंय असं ऐकलं नाही. सेक्रेटरींना माझा दाखला द्या. कॅथलिकांचा चालत असेल तर.